एका मार्काचा फरक

(म्हैसूर. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रशिक्षण केंद्र. सभागृहामागची खोली, सकाळचे साडेदहा.)

पूवम्मा : म्हणजे तुम्हाला फार बोलायचं नाहीये मॅडम. साहेब आधी त्यांची नेहमीची गोष्ट सांगतील, मग तुमच्याकडे हात करतील, की याच त्या माझ्या विशालाक्षी बाई. तुम्ही उठायचं आणि एवढंच म्हणायचं, ‘हो, याला मी पासष्ट दिले होते. चौसष्ट असते तर हाही घरी गेला असता.’ दोन मिनिटं. बस.

बाई : आणि मग?

पूवम्मा : मग मुलं पन्नास-पन्नासच्या गटानं शेजारच्या खोल्यांत जातील. तिथं पत्र मिळेल, सही करायची. बसगाड्या फाटकापाशी उभ्या आहेत. सहापर्यंत वसतिगृह मोकळं.

बाई : किती जण?

पूवम्मा : तीनशे बारा.

बाई : सगळी तिसऱ्यांदा नापास.

पूवम्मा : तिसऱ्यांदा. नियम तुमच्याच काळातला आहे ना मॅडम? तीन संधी, शंभरात पासष्ट. आम्ही त्यात काना-मात्रासुद्धा बदललेला नाही. माणसं नेमणं नि काढणं माझ्या खात्याकडे आहे म्हणून सगळे मला कसाई म्हणतात, पण नियम काही मी केलेला नाही.

बाई : मुलं आत जायच्या आधी बाहेर एक मुलगी भेटली. रायचूरची. बॅगेवर बसून मद्दूर वडा खात होती. मला म्हणाली, “आज्जी, तुमचापण मोबाइल काढून घेतला का?”

पूवम्मा : घ्यावे लागतात. गेल्या वेळी कुणीतरी आतून चित्रण केलं आणि दुसऱ्या दिवशी ते जगभर फिरत होतं. आले, साहेब आले.

हेब्बार : बाई, नमस्कार करतो. नाही नाही, तुम्ही उठू नका. प्रवास बरा झाला ना? गाडी वेळेवर पोचली होती? पूवम्मा, बाईंना खायला काय दिलं?

बाई : सगळं झालं वादिराजा. बस. पोट सुटलंय तुझं.

हेब्बार : मुख्याधिकारी झाल्यापासून बसूनच असतो बाई. नऊ वर्षं झाली. सप्टेंबरात मुदत संपते, संचालक मंडळ आणखी तीन वर्षं वाढवून देणार म्हणतंय. म्हणजे आणखी तीन इंच धरून चाला. फाटकातला दगड पाहिलात का?

बाई : पाहिला. पासष्टचा आकडा कोरलाय त्यावर. आणि हळदकुंकू.

हेब्बार : परीक्षेच्या दिवशी मुलं लिंबंसुद्धा ठेवतात. दसऱ्याच्या आयुधपूजेला तर विचारू नका, झेंडूत आकडा दिसत नाही. मी सांगितलं, राहू दे. मुलांना काहीतरी धरायला लागतं.

बाई : ती गोष्ट सांग मला.

हेब्बार : कुठली?

बाई : भाषणात सांगतोस ती. मी तुझ्यासमोर बसून कधी ऐकलेली नाही. आज साक्षीदार म्हणून उभं करणार आहात, तर साक्ष कसली द्यायची ते कळू दे.

हेब्बार : तुम्हाला काय सांगायची बाई, तुम्ही तर त्यातच आहात. बरं. सन त्र्याण्णव. बंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात साड्यांच्या दुकानावरचे दोन मजले, तीच आपली कंपनी. आम्ही चाळीस पोरं आणि संगणक सात. मी त्यागराजनगरात एका खोलीत राहायचो, दुसरा एक मुलगा होता माझ्याबरोबर. त्याचं नाव मी भाषणात घेत नाही.

बाई : ईरण्णा.

हेब्बार : ईरण्णा. गदगचा. खोलीत टेबल एकच. तो पहाटे बसायचा, मी संध्याकाळी. दोघंही दोनदा नापास झालो. तिसऱ्या परीक्षेत सातवा प्रश्न दहा मार्कांचा होता, त्या प्रश्नानं मला तारलं. यादी दारावर लागली. मला पासष्ट, त्याला चौसष्ट. दोघंही यादीसमोर उभे होतो. मी त्याची ट्रंक उचलली आणि मॅजेस्टिकच्या बसथांब्यावर नेली. बस निघताना तो म्हणाला, “वादिराजा, एक मार्क.” मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम, ईरण्णा.” बस गेली. चौदाव्या दिवशी मी अमेरिकेला होतो, ओहायोच्या विमा कंपनीच्या कामावर. तिथून लंडन, तिथून परत, गटप्रमुख, विभागप्रमुख, आणि आज इथं. त्या एका मार्कानं मला बत्तीस वर्षं झोपू दिलं नाही. मुलांना मी हेच सांगतो, की नापास झाल्याचं दुःख करू नका, पण त्या रेघेचा मान ठेवा. ती रेघ माझ्यासाठी हलली नव्हती.

पूवम्मा : मी सन दोन हजार चारची प्रशिक्षणार्थी. तेव्हा साहेब विभागप्रमुख होते. हे ऐकून रडले होते मी.

बाई : छान सांगतोस. यात तीन चुका आहेत.

हेब्बार : चाळीस नव्हतो का आम्ही?

बाई : त्रेचाळीस. ती पहिली. दुसरी, सातवा प्रश्न तुझा चुकला होता. तिसरी, पासष्ट.

हेब्बार : म्हणजे?

बाई : तुला अठ्ठावन्न होते.

हेब्बार : बाई, यादी मी डोळ्यांनी पाहिली.

बाई : यादी मीच लिहिली होती. ही घे. तुझी उत्तरपत्रिका. कागद पिवळा पडलाय, जपून उघड. तीन वर्षांनी सगळ्या जाळायच्या असा नियम होता. बाकीच्या जाळल्या. पुरावा जाळणं मला जमलं नाही.

हेब्बार : अक्षर माझं आहे.

बाई : सातवा प्रश्न काढ. विम्याच्या सगळ्या नोंदी एकामागून एक वाचायच्या आणि हप्त्यांची बेरीज करायची. वाच तुझा प्रोग्रॅम. आता तुला कळेल.

हेब्बार : नोंद वाचली. पुढची आहे का पाहिलं. असेल तर हातातली बेरजेत घेतली… नसेल तर थांबलो.

बाई : आणि हातातली?

हेब्बार : राहिली. शेवटची नोंद बेरजेत येतच नाही.

बाई : हजार दिल्या तर नऊशे नव्व्याण्णव मोजतो. मी दोन मार्क दिले होते. ते खोडून नऊ केलेत, शाई वेगळी आहे बघ. सात वाढले. अठ्ठावन्नाचे पासष्ट.

पूवम्मा : सर, मी बाहेर थांबते.

बाई : तू बस. मला बोलावणं तूच पाठवलंस. मी दहा वर्षं झाली घराबाहेर पडत नाही, गुडघे चालत नाहीत. तुझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘दोन मिनिटं येऊन खरं काय ते मुलांना सांगा.’ म्हणून आले.

हेब्बार : का केलंत बाई? मी तर तुम्हाला कधी काही मागितलं नव्हतं. मी… मी गरीब म्हणून? वडील नव्हते म्हणून?

बाई : तुला वडील आहेत की नाहीत हे मला माहीतही नव्हतं. ओहायोच्या करारात वीस माणसं लिहिली होती. चौदा दिवसांत विमानात बसणारी वीस माणसं. त्रेचाळिसांत बत्तीस पास झाले, पण त्यातले पासपोर्ट असलेले एकोणीसच. तेव्हा पासपोर्ट हातात यायला चार-चार महिने जायचे. तेव्हाचे कंपनीचे प्रमुख शेणॉय साहेब माझ्या टेबलाशी आले. बसलेसुद्धा नाहीत. विचारलं, नापासांत कुणाकडे पासपोर्ट आहे का? मी फाइली पाहिल्या. अकरा नापास. एकाकडे होता.

हेब्बार : माझ्याकडे. मामानं काढून ठेवला होता. त्याचं मस्कतला हॉटेल होतं, गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता त्याला. इथं नापास झालो असतो तर मी तिकडेच…

बाई : ते मला माहीत नाही. फाइलमध्ये पासपोर्टचा नंबर होता एवढंच. शेणॉय म्हणाले, हा विसावा. मी म्हणाले, याला अठ्ठावन्न आहेत, अकरा नापासांत हा नववा. याच्या वर आठ जण आहेत, पहिल्याला तर चौसष्ट आहेत. ते म्हणाले, चौसष्टवाल्याकडे पासपोर्ट आहे का?

हेब्बार : चौसष्टवाला म्हणजे ईरण्णा.

बाई : ईरण्णा.

हेब्बार : म्हणजे आमच्यात एक मार्क नव्हताच. सहा होते. तेही उलटे.

बाई : हो.

हेब्बार : आणि मी त्याला नियम शिकवला. बसच्या खिडकीशी उभं राहून.

बाई : तू खोटं केलं नव्हतंस. मी केलं. नोकरी जाईल म्हणून केलं, आणि नंतर तू मोठा होत गेलास तसं सांगणं अवघड होत गेलं. दगड बसवल्याचं पेपरात वाचलं तेव्हा पत्र लिहायला घेतलं होतं. ‘चि. वादिराज यास’ इथंच थांबले.

पूवम्मा : तो दगड मी बसवून घेतलाय मॅडम. कारकळहून आणला. पासष्टच्या पाचाची शेपटी नीट आली नाही म्हणून दोनदा कोरायला लावला.

हेब्बार : एक विचारू? मग जे पुढं झालं ते? ओहायोला कामाची यंत्रणा बंद पडली होती तेव्हा मी सलग चार दिवस बसून ती उभी केली. लंडनचं काम मी आणलं. नऊ वर्षांत कंपनी तिप्पट केली. तेही तुमच्या सात मार्कांनी झालं का?

बाई : नाही, ते तू केलंस. तेच मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवतेय. अठ्ठावन्नवाला एवढं करू शकतो, आणि आमच्या परीक्षेला ते दिसलं नाही. मग चौसष्टवाल्यानं काय केलं असतं? आणि मधल्या सात जणांनी? मी विज्ञान शिकले बाबा. तराजू चुकीचा आहे हे कळल्यावर त्यावर हळदकुंकू वाहत नाहीत.

हेब्बार : कुठं असतो तो?

बाई : गदगला. बसस्थानकामागं संगणकाचा क्लास आहे. तुझ्या कंपनीत आज त्याची एकवीस मुलं कामाला आहेत.

हेब्बार : त्याला हे माहीत आहे?

बाई : सन दोन हजार सहामध्ये लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता, त्याच्या धाकट्या बहिणीच्या. तेव्हा राहवलं नाही, सांगून टाकलं. मला वाटलं उठून जाईल. तो हसला. बराच वेळ हसला. मग विचारलं, “त्याला सांगितलंत का?” मी म्हणाले, नाही. म्हणाला, “नका सांगू बाई. भाषण छान करतो तो. त्याची सीडी माझ्या पोरांना मी दाखवतो, त्यांना हुरूप येतो.”

हेब्बार : पोरांना माहीत आहे, तो मुलगा कोण ते?

बाई : नाही. त्यातला चौसष्टवाला म्हणजे आपलेच सर, हे त्यांना ठाऊक नाही.

हेब्बार : पूवम्मा, पाणी.

पूवम्मा : घ्या सर. सर, अकरा वाजायला दहा मिनिटं आहेत. मुलं नऊपासून आत बसली आहेत.

हेब्बार : थांबू दे. नाही, नको थांबायला. मी जातो. आत्ता जातो आणि सगळं सांगतो. हा कागद हातात धरून सांगतो. अठ्ठावन्न, पासपोर्ट, ईरण्णा, सगळं. बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर.

बाई : बस खाली.

हेब्बार : खरं सांगायला नको?

बाई : त्याचंही भाषण होईल. आधीच्यापेक्षा चांगलं होईल. पोरं रडतील, टाळ्या वाजवतील, आणि ती रायचूरची मुलगी डोळे पुसत पुसत बसमध्ये जाऊन बसेल. मी पाच तास गाडीत गुडघे मोडून त्यासाठी आले नाही.

हेब्बार : मग मी काय करू?

बाई : आधी मला एक सांगा दोघं. त्या मुलीला मी विचारलं, पेपरात काय आलं होतं. ती म्हणाली, पहिल्या दोन परीक्षांत शिकवलेलं होतं. तिसऱ्यात तीस मार्कांचा एक भाग असा होता, की त्याचा वर्गच झाला नाही. पुस्तक परीक्षेच्या अठरा दिवस आधी मिळालं. खरं का?

पूवम्मा : एप्रिलमध्ये वाढवला तो भाग.

बाई : एप्रिलमध्ये काय झालं?

हेब्बार : परदेशातली दोन मोठी कामं हातची गेली. बंगळुरूच्या बैठकीत ठरलं की नव्या भरतीतले तीनशे लोक जास्त होतात. नेमणूकपत्रं दोन वर्षांपूर्वीच दिलेली. तशी काढली असती तर बभ्रा झाला असता. मी म्हणालो… मीच म्हणालो, केंद्राला सांगा, निकष जरा कडक करा.

बाई : शेणॉयना एक हवा होता. तुम्हाला तीनशे नको होते. आकडा आधी ठरतो आणि पेपर मागून निघतो. पद्धत तीच आहे वादिराजा. फक्त तेव्हा ती तुझ्या बाजूनं वळली.

हेब्बार : मला हे दिसायला हवं होतं. मी रोज आकडेच बघतो.

बाई : तो तीस मार्कांचा भाग वगळा. उरलेल्या सत्तरात प्रत्येकाला किती, ते काढा आणि शेकड्यात मांडा. चौथीच्या पोराला येणारं गणित आहे. किती वेळ लागेल?

पूवम्मा : काढलंय मी.

हेब्बार : काय?

पूवम्मा : निकाल लागला त्याच दिवशी काढलं सर. घरी बसून. तसं धरलं तर दोनशे एकेचाळीस मुलं पास होतात.

हेब्बार : तीनशे बारातली?

पूवम्मा : तीनशे बारातली. एकाहत्तर उरतात.

हेब्बार : आणि हे तू मला तीन आठवडे सांगितलं नाहीस.

पूवम्मा : तुम्ही विचारलं नाहीत सर. आणि मला वाटलं, पासष्टच्या बाबतीत तुमच्याशी बोलायची कुणाची छाती आहे? तुम्हीच त्या रेघेवर उभे आहात. मी शेपटी दोनदा कोरून घेतली ती उगाच नाही.

बाई : हुशार आहे ही. हिला किती होते?

पूवम्मा : सहासष्ट, मॅडम. आता तेही खरे का, कोण जाणे.

हेब्बार : पत्रं कुठं आहेत?

पूवम्मा : शेजारच्या खोलीत. गटवार लावून ठेवलीत. तुमची सही छापलेली आहे त्यांवर.

हेब्बार : कुलपात टाक. दोनशे एकेचाळिसांची यादी मला आत्ता पाठव, मी इथूनच मंजूर करतो. उरलेल्या एकाहत्तरांना तो भाग आधी शिकवायचा, मग परीक्षा. शिकवणारे कोण मोकळे आहेत बघ.

पूवम्मा : पाच वाजता मंडळाच्या बैठकीतून फोन येणार आहे सर. तीनशे गेले का, एवढंच विचारतील. काय सांगायचं?

हेब्बार : मी सांगेन.

पूवम्मा : तुमची सप्टेंबरची मुदतवाढ त्याच बैठकीत आहे.

हेब्बार : माहीत आहे मला.

बाई : होईल का तुला काही?

हेब्बार : होईल बाई. बहुतेक होईल. अठ्ठावन्नवाल्याला बत्तीस वर्षं मिळाली, कमी नाहीत. यादी आली. थांबा जरा… हं. झालं. पाठवलं.

बाई : रायचूरची मुलगी आहे का त्यात? नाव भाग्यश्री म्हणाली.

पूवम्मा : बघते. नाही मॅडम. ती एकाहत्तरांत आहे.

बाई : असू दे. शिकेल. वडा फार मन लावून खात होती.

हेब्बार : हा कागद मी ठेवू?

बाई : तुझाच आहे. पण चौकट करून भिंतीवर लावू नकोस.

हेब्बार : नाही लावत.

पूवम्मा : सर, अकरा वाजले. आत काय सांगू?

हेब्बार : मोबाइल परत द्या त्यांचे. म्हणावं, खोल्या सोडायच्या नाहीत, बॅगा परत वर न्या. यादी बाराला लागेल आणि सोमवारी वर्ग भरतील. आणि नऊपासून उपाशी बसलीत, आधी जेवून घ्या.

पूवम्मा : एवढंच? ती वाट बघताहेत सर. व्यासपीठावर फुलं लावलीत, माइक सुरू आहे. तुम्ही येताय ना?

हेब्बार : नाही. बाई, ईरण्णाशी बोलणं झालं तर त्याला तेवढं कळवा. म्हणावं, आज भाषण नाही.